सूर्याखाली भोक नाही

मित्रांनो, माझ्या नावाने आयुष्यात एक पत्र आणि एक कार्ड एवढेच आले, आणि एकाचेही उत्तर मी दिले नाही. देणार तरी कसे? मला हात नाहीत आणि तोंडही नाही. मी एक जुना रबरी पडदा आहे. खिडकीला लावतात तसला नव्हे. एका गोल लोखंडी कड्यावर चिमट्यांनी ताणून आडवा बसवलेला, करड्या रंगाचा.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. माझ्या भावंडांचे बूट झाले, नळाच्या चकत्या झाल्या. मी मात्र एका विज्ञानदालनात गेलो. तिथे काका होते. मुलांना प्रयोग दाखवणे हे त्यांचे काम. एरवी ते मान खाली घालून चालत आणि कुणी समोर आले की भिंतीला लागून उभे राहत. पण माझ्या कड्याला हात टेकला की त्यांना कंठ फुटे.

ते माझ्या मधोमध एक लोखंडी गोळा ठेवत. मी खाली वाके. मग ते काठावरून एक काचेची गोटी तिरकी सोडत आणि गोटी त्या गोळ्याभोवती घिरट्या घाली.

"हा सूर्य, ही पृथ्वी," काका सांगत. "जड वस्तूमुळे भोवतालची जागाच वाकते. पण हे फक्त चित्र आहे बरं का. आकाशात पडदा नाही."

नंतर ते ताऱ्याची गोष्ट सांगत. ताऱ्याचे स्वतःचेच वजन त्याला सगळीकडून आत दाबत असते. त्याच्या पोटातली धग त्याला बाहेर रेटत असते. दोघांचे जमते आहे तोवर तारा सुखात असतो. पण फार मोठ्या ताऱ्याचे इंधन संपले, की धग हरते आणि त्याचा गाभा स्वतःवरच कोसळतो. बाहेरचा भाग बहुतेक वेळा स्फोट होऊन उधळला जातो. उरलेला गाभा आपल्या सूर्याच्या साधारण तिपटीहून जड असेल, तर त्याला थोपवणारे काही उरत नाही. तो दबत जातो, दबत जातो. शेवटी त्याच्याभोवती एक असा काठ तयार होतो, की तो ओलांडून आत गेलेले काहीच परत येत नाही, प्रकाशसुद्धा नाही. काठाबाहेर असताना निघालेला प्रकाश तेवढा सुटू शकतो. यालाच कृष्णविवर म्हणतात.

एवढे सांगून काका लोखंडी गोळा उचलत आणि त्या जागी शिशाचा गोळा ठेवत. दिसायला लिंबाएवढा, पण वजनाला भारी. मी पार खोल जाई. फार ताण पडे, मित्रांनो. पण कुणाला सांगणार?

एके दिवशी दालनाचे साहेब आले. "काका, पोरं जांभया देतायत. काहीतरी गायब करा की!"

"पण साहेब, ते खरं भोक नसतं. ते उलट गच्च भरलेलं..."

"अहो, लोकांना भोक हवंय. द्या त्यांना भोक."

काकांना वाद घालता येत नसे. त्यांनी कात्री आणली. थोडा वेळ ती नुसतीच हातात धरली आणि मग माझ्या मधोमध एक गोल कापला. खाली कापडी पिशवी बांधली. निघालेला तुकडा त्यांना टाकवला नाही. त्यांनी तो घरी नेला आणि लिहायच्या टेबलावर चहाच्या पेल्याखाली ठेवला. तेव्हापासून मी दोन ठिकाणी राहतो. मोठा मी दालनात, छोटा मी पेल्याखाली.

दालनात गर्दी वाढली. मुले गोट्या सोडत, गोट्या फिरत फिरत भोकात जात. "गेली! गिळली!" असा गलका होई. टाळ्या पडत. मला त्या आवडत. काका मात्र टाळ्यांच्या वेळी चष्मा पुसत बसत.

मग ती आली. आजोबांचे बोट धरून, दोन वेण्या घातलेली, दर वाक्याला प्रश्न विचारणारी. काकांनी तिचे नाव लगेच प्रश्नपेटी ठेवले. तिने आपल्या खिशातली निळी गोटी सोडली. गोटी गेली.

"माझी गोटी?"

"कृष्णविवरात! आता नाही मिळत, वेडे," मागून एक मुलगा ओरडला.

ती कड्यावर ओणवली. "काका, सूर्याखाली पण असं भोक आहे?"

तेवढ्यात घंटा झाली आणि पुढची रांग आत घुसली. काका घाईघाईने म्हणाले, "पडद्याला पत्र लिही हं, प्रश्नपेटी!" वेळ संपली की ते सगळ्यांनाच असे म्हणत. आजवर कुणीच लिहिले नव्हते. तिने लिहिले.

'प्रिय पडदा, आमचे आजोबा रोज सकाळी अंगणात उन्हात बसतात. डॉक्टरांनी सांगितलं आहे. सूर्याचं कृष्णविवर झालं तर आधी आजोबांना ओढेल का? ते खूप बारीक आहेत. लवकर कळव. माझी गोटी राहू दे.'

काकांनी पत्र घरी नेले आणि उत्तर लिहायला बसले. मी पेल्याखालून बघत होतो. 'सूर्याचे कृष्णविवर कधीच होणार नाही,' असे त्यांनी लिहिले आणि 'कधीच' वर रेघ मारली. मग शेल्फावरून एक पुस्तक काढले, मग दुसरे. चहा गार झाला.

"झालं का लिहून?" काकूंनी आतून विचारले.

"'कधीच' असं म्हणावं का मी? मी कोण म्हणणारा?"

"पुस्तकांत काय दिलंय?"

"तेच दिलंय. पण पुस्तकं जुनी आहेत."

"तुम्हीसुद्धा जुनेच आहात. लिहा!"

असे पुष्कळ दिवस चालले. काका लिहीत, फाडत. कधी अक्षर वाईट वाटे, कधी वाक्य. एकदा पूर्ण उत्तर झाले, तर म्हणाले, "तिनं भोक डोळ्यांनी बघितलंय. माझ्या शब्दांवर का विश्वास ठेवेल?" आणि तेही फाडले. मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते. सूर्य त्यासाठी फार हलका आहे, हे मी शेकडो वेळा ऐकले होते. पण माझ्यावर पेला होता. पेला हलवण्याइतकीही ताकद माझ्यात नव्हती.

मग तिचे कार्ड आले.

'प्रिय पडदा, तू उत्तर दिलं नाहीस म्हणजे ते खरं आहे. मी आता खिडक्या लावून घेते. आजोबा अंगणात गेले की मी रडते, म्हणून ते खोलीतच बसतात. त्यांचे पाय जास्त दुखतात.'

काकांनी कार्ड काकूंच्या हातात दिले. काकूंनी ते वाचले आणि एक कोरा कागद त्यांच्यासमोर सरकवला.

त्याच आठवड्यात दालनात भिंतभर मोठा विजेवर चालणारा पडदा बसला. त्यावर कृष्णविवरे रंगीत दिसतात आणि आवाजही येतो. माझ्या भोकापासून काठाकडे चिरा गेल्या होत्या. साहेब म्हणाले, "काका, हे रबर काढा आता. भंगारवाला येतोय."

काका तो तुकडा खिशात घालून आले होते. भोक बुजवून निदान एकदा तरी खरे दाखवावे, असे त्यांच्या मनात असावे. त्यांनी तुकडा भोकावर टेकवला. तो तंतोतंत बसला, फक्त त्यावर पेल्याचे वर्तुळ उमटलेले होते. डिंक लावला, चिकटपट्टी लावली. शिशाचा गोळा ठेवला आणि तुकडा सुटून गोळ्यासकट पिशवीत पडला. काकांनी पिशवीत हात घातला. हाताला तुकडा लागला आणि तळाशी राहिलेली निळी गोटी.

दोन्ही त्यांनी माझ्या काठावर ठेवले. मग तिथेच माझ्या कड्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिले. या वेळी कुठेही रेघ मारली नाही.

'प्रिय प्रश्नपेटी, हा भोकाचा तुकडा. भोक मी कात्रीने कापलं, गर्दी व्हावी म्हणून. सूर्याखाली भोक नाही. कृष्णविवर व्हायला फार जड तारा लागतो, सूर्य तेवढा जड नाही, त्याचं कधीच होणार नाही. आणि समज, सूर्याच्या जागी कुणी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर आणून ठेवलं, तरी पृथ्वी आत्ता फिरते तशीच फिरेल. अंधार होईल, थंडी वाजेल, पण कुणी ओढलं जाणार नाही. आजोबाही नाहीत. कृष्णविवराच्या आत काय असतं, ते मला माहीत नाही. अजून कुणालाच नीट माहीत नाही. तुझी गोटी पिशवीत होती. उशीर माझ्यामुळे झाला, पडद्यामुळे नाही. खिडकी उघड.'

मोठा मी आता गुंडाळी होऊन, सुतळीने बांधून, भंगारवाल्याच्या गाडीत आहे. कुठे नेतात ते दिसत नाही. गुंडाळीत अंधार असतो. पण छोटा मी त्याआधी बाहेर पडलो, गोटीसोबत, पाकिटात.

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी भीतभीत काही विचारले, तर सुंदर उत्तराची वाट बघू नका. जेवढे ठाऊक आहे तेवढे आजच सांगा. वस्तूंना ते जमत नाही, तुम्हाला जमते. पाकीट पोचेल का, ती खिडकी उघडेल का, हे मला अजून ठाऊक नाही.

पाकीट टाकायला काका गेले, तेव्हा पत्रपेटीपाशी काकू सोबत होत्या. गोटीमुळे पाकीट फुगले होते, फटीत शिरेना. काका ते अर्धे आत, अर्धे बाहेर धरून थांबले.

"पोचेल ना गं?"

"आधी सोडा तर!"

"आजोबा आता..."

"अहो, सोडा!"

काकांनी अंगठ्याने गोटी दाबली. काठावर मी क्षणभर अडकलो आणि आत पडलो.