टोप पडला तर हसू नका

मी एक टोप बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे, केसांचा. टकलावर चढवतात तो. आत्ता मी एका माणसाच्या डोक्यावर बसलोय, तो पडद्यामागे उभा आहे, आणि त्याचं नाव पुकारलं जायच्या आत मला सगळं सांगून टाकायचंय. जरा घाई होईल, सांभाळून घ्या.

माझा जन्म एका अरुंद खोलीत, खिडकीपाशी झाला. एक म्हातारा कारागीर बारीक जाळीवर आकड्याने एकेक केस ओढून गाठ मारत बसायचा. केस कुणाकुणाचे होते, देव जाणे. सगळे मिळून एका बड्या गायकाचे केस झाले. मागे फुगवलेले, आणि कपाळावर उजवीकडे झुलणारी एक बट. त्या गायकाला सगळे 'साहेब' म्हणत. सिनेमात गायचे, पडद्यावरही झळकायचे. त्या बटेवर लोक जीव टाकायचे.

मला न्यायला आलेल्या माणसाने मला उलटंपालटं करून विचारलं, "साहेबांच्या केसांसारखाच दिसेल ना?"

म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, "दिसेल म्हणजे काय? त्यांचाही मीच करतो. वर काही नाहीये त्यांच्याही."

मला तेव्हा फार गंमत वाटली. अस्सलच नकली निघालं, मग आपण कशाला वाईट वाटून घ्यायचं? नवा होतो मी, अंगात मस्ती होती.

मला नेणारा हा माणूस म्हणजे ज्युनिअर. खरं नाव दुसरं असणारच. पण ऑर्केस्ट्रात तो साहेबांची गाणी साहेबांच्या आवाजात म्हणायचा, म्हणून मालकापासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्याला ज्युनिअरच म्हणत. त्याचं टक्कल गुळगुळीत आणि ऊबदार. माझं तिथे बरं जमलं. डिंक लावून तो मला बसवायचा, बट सारखी करायचा, मान तिरकी, हनुवटी वर, आणि आवाज एकदम लोण्यासारखा. लोक टाळ्या वाजवत म्हणायचे, "सेम टु सेम!" त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी हीच.

घरी आल्यावर मात्र तो मला एका पालथ्या पातेल्यावर ठेवायचा आणि आपल्या आवाजात गायचा. त्याने स्वतः बांधलेलं एकच गाणं होतं. बायकोला कारखान्यातून आणायला तो बसथांब्यावर जायचा, तिथे उभ्या उभ्या सुचलेलं.

'थांब्यावर मी उभा, तुझी बस काही येईना,
चहा निवून गेला, तरी पाऊल निघेना.'

शब्द साधेच. पण 'येईना'वर त्याचा आवाज किंचित फाटायचा. ती जागा आली की बायको हातातलं काम थांबवायची. "इथं तू सापडतोस बघ," म्हणायची. पातेल्यावर बसल्या बसल्या मीही त्या जागेची वाट बघायला लागलो होतो.

आयुष्यात एकदा तरी ते गाणं आपल्याच आवाजात लोकांना ऐकवायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. मालकाच्या मागे हात धुवून लागून त्याने एका कार्यक्रमात ती संधी मिळवली. मला काढून मुठीत धरलं आणि उघड्या डोक्याने माइकपुढे गेला. बायको पहिल्या रांगेत होती. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, "ए टकल्या, टोप घाल!"

सभागृह खदखदून हसलं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. "साहेब! साहेब!" पडद्याआडून मालक हातवारे करत होते.

त्याने मूठ उघडून माझ्याकडे पाहिलं. घालू नकोस रे बाबा, मी जीव तोडून सांगत होतो, पण मला गळा कुठला! त्याने मला डोक्यावर चढवलं आणि तेच गाणं, स्वतःचं गाणं, साहेबांच्या आवाजात म्हटलं. 'येईना' कुठे न अडखळता घरंगळून गेलं. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. वन्स मोअर मिळाला. बायको तेवढी टाळ्या न वाजवता बसून होती.

तिथून सगळंच फिसकटलं. कुणीतरी फोनवर टिपलेला तो नुसता आवाज 'साहेबांचं आजवर न ऐकलेलं गाणं' म्हणून घरोघर पोहोचला. साहेबांना विचारलं, तर ते बट सावरत हसले. "असेल बुवा! इतकी गायलो, सगळी आठवतात कुठे?"

ज्युनिअर भेटेल त्याला सांगत सुटला, "अहो, ते माझं आहे. मी बांधलंय." लोक एकमेकांना कोपराने ढोसत. "ऐकलंत का? आता साहेबांची गाणीही स्वतःच्या नावावर खपवायला लागला."

एके दिवशी दुपारी तो घरी ते गुणगुणत होता, तर त्याची लहानगी लेक म्हणाली, "बाबा, नीट म्हण ना. फोनमधल्यासारखं."

त्याचा चेहरा पडला. बायकोने तिला बाहेर खेळायला पिटाळलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली. "तुझ्यासारखं म्हण. आपल्या थांब्यावरचं."

त्याने मला काढलं, घसा साफ केला, सुरुवात केली. 'येईना' आलं. आवाज फाटला नाही. पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच गुळगुळीत. कपाळावर घाम आला. मग त्याने मुद्दाम आवाज फाडला. बरोबर त्याच जागी, अगदी हुबेहूब.

बायकोने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "नको. ही तुझी नक्कल झाली."

त्याने मला उचलून घरातच डोक्यावर घातलं. तेव्हापासून तो मला फारसा काढतच नाही. त्याच्या टाळूला पुरळ उठलंय, माझी जाळी विरलीये, बटेत चार केस उरलेत. आणि मला माझी लाज वाटते हो. त्याचा खरा आवाज कसा होता, हे आता आम्हा दोघांनाच ठाऊक आहे, तिला आणि मला. ती सांगून सांगून दमली. मी कुणाला सांगू?

ऐका, निवेदक पुकारतोय. "आता साहेबांचं अजरामर गाणं, थांब्यावर मी उभा! सादर करताहेत आपले लाडके ज्युनिअर!"

अजरामर म्हणे!

आज डिंक पातळ होता. घामाने माझी मागची कड सुटलीये. एरवी मी दात-ओठ खाऊन धरून बसतो, त्याची फजिती होऊ नये म्हणून. आज धरणार नाही. त्याने हनुवटी वर केली की मी मागच्या मागे पडणार आहे.

मायबाप, मला हात नाहीत, तरी हात जोडतो. मी पडलो तर हसू नका. कुणी ओरडू नका, मला उचलून त्याच्याकडे फेकू नका. पायाखाली तुडवलंत तरी चालेल. पहिल्या रांगेत त्याची बायको बसलीये. तेवढी एक ओळ त्याला उघड्या डोक्याने म्हणू द्या, आणि 'येईना' येईपर्यंत कृपा करून गप्प बसा.

पडदा सरकला. त्याने हनुवटी उचलली.

मी सोडतोय.