दिवा हिरवा, पोट रिकामे

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे आणि विजेवर चालते. चालते म्हणजे आता चालते. मध्ये बराच काळ मी जिन्याखाली नुसतीच उभी होते, आणि त्या उभे राहण्यामुळेच पुढचे सगळे रामायण घडले.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग आकाशी होता. पाय ठेवायच्या फळीखाली चार बॅटऱ्या बसवलेल्या. त्या चौघी म्हणजे माझे पोट. चौघी हातात हात घालून काम करतात, त्यामुळे एक जरी थकली तरी सगळ्याच अडतात. माझे पहिले मालक चष्म्याचे दुकान चालवत. ते मला रोज पुसत, रोज चार्जिंगला लावत आणि गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, "आवाज येतो का? नाही ना? मांजर आहे मांजर." मला फार बरे वाटे. मग त्यांनी मोटार घेतली. माझ्यावर चादर पडली आणि चादरीवर रिकाम्या खोक्यांची थप्पी चढली. मला कोणी मोडले नाही की तोडले नाही, फक्त विसरले. विजेची गाडी उभी राहिली तरी आतून हळूहळू रिकामी होत जाते, हे त्यांच्या गावीही नव्हते.

पुढे मला एका नर्सबाईंनी विकत घेतले. दवाखान्यात त्यांना कायम रात्रपाळी, नवरा दूर नोकरीला. घरी सासूबाई आणि लहान मुलगी. त्यांच्या मेट्रनबाईंनी सांगितले होते, "घरोघरी जाऊन पेशंटच्या पट्ट्या बदलायचं काम निघालंय. दिवसाचं आहे, पण स्वतःची गाडी हवी. सोमवारी गाडी दाखवा, नाहीतर मी ते दुसरीला देते." रात्री मुलीने आपल्या कुशीत झोपावे, एवढ्यासाठीच नर्सबाईंना मी हवी होते.

चष्मेवाल्यांनी त्यांच्यासमोर मला चार्जरला लावले. चार्जरवर लाल दिवा लागला आणि चहा संपतो न संपतो तोच हिरवा झाला. "बघा, फुल्ल!" चष्मेवाले म्हणाले. ते लबाड नव्हते. हिरवा म्हणजे भरली, असे त्यांना मनापासून वाटत होते. नर्सबाईंनाही तसेच वाटले. मी मात्र मनातल्या मनात ओरडत होते, अहो, मी घोटभरसुद्धा घेतलेले नाही! पण आम्हा गाड्यांना हॉर्नपलीकडे वाचा नसते, आणि माझा तर तोही बसला होता.

उताराने कशीबशी आले, पण घराजवळच्या चढावर मी मान टाकली. नर्सबाई घामाघूम होत मला ढकलत दारापर्यंत आल्या. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"तू गाडीवर बसून येणार होतीस ना? इथं तर गाडीच तुझ्या जिवावर आली."

नर्सबाईंनी मला पुन्हा चार्जिंगला लावले. दिवा पुन्हा झटकन हिरवा झाला, आणि मी पुन्हा फाटकापर्यंत जाऊन थांबले. शेवटी कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याला बोलावले. त्याने मीटर लावून पाहिले आणि मान हलवली.

"ताई, चारही गेल्यात. चार्जर लावला की वरवर भरल्यासारख्या दिसतात, मग चार्जर हात आखडता घेतो. नव्या घाला."

नव्या बॅटऱ्यांना जवळजवळ माझ्याइतकेच पैसे पडणार होते. नर्सबाई पायरीवर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मला स्वतःची लाज वाटली.

"पण मला सांग," सासूबाई म्हणाल्या, "इतके दिवस उपाशी असलेल्याचं पोट एवढ्यात कसं भरेल?"

नर्सबाईंनी मान वर केली. "वॉर्डात अर्धं ताट परत गेलं की नव्या मुली म्हणतात, पेशंट जेवला. मीच त्यांना रागावते. फार दिवस उपाशी राहिलेला माणूस दोन घासांत नको म्हणतो. पोट भरलं म्हणून नाही, त्याला घेता येत नाही म्हणून." त्या बॅटरीवाल्याकडे वळल्या. "यांना एकेकीला वेगळं, अगदी हळू दिलं तर?"

"बघा करून. छोटा चार्जर देतो. खिडकी उघडी ठेवा, आणि गरम झाली की लगेच काढा. पण भरवसा मी देत नाही."

झाले! चौघींना बाहेर काढून खिडकीपाशी ओळीने मांडले. एकीला थोडे द्यायचे, थांबायचे, पुन्हा थोडे द्यायचे. सकाळी कामावरून आलेल्या नर्सबाई झोपल्या की सासूबाई राखणीला बसत. ताप बघावा तसा बॅटरीला हात लावून बघत. "सूनबाई, ही तापली गं, काढली मी," असे झोपलेल्या सुनेला हलकेच सांगत. माझी थट्टा करणाऱ्या त्याच या सासूबाई.

तिघी सावरल्या. चौथी मात्र दर वेळी नुसतीच तापे. तिच्या जागी बॅटरीवाल्याने वापरलेलीच एक आणून दिली. "या जुन्या तिघींत नवी घातली तर ती फुकट झिजेल," तो म्हणाला. "आणि आता हिला लांब पळवू नका."

सोमवारी नर्सबाईंनी मेट्रनबाईंना काही लपवले नाही. "गाडी आहे, पण दम कमी आहे. जवळची घरं द्या. दुपारी घरी येऊन पुन्हा चार्ज करीन."

मेट्रनबाई अंगाने चांगल्या भरभक्कम. त्या सरळ माझ्यावर मागे बसल्या आणि म्हणाल्या, "चला, तुमच्या घरापर्यंत."

चढ समोर आला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, एक आजोबा काठी टेकत जवळजवळ बरोबरीने चालले. पण मी थांबले नाही. चौघींनी होते नव्हते ते सगळे दिले आणि आम्ही वर पोहोचलो.

"आजपासून पेशंट तुमचे," मेट्रनबाई उतरत म्हणाल्या. "फक्त मला परत बसवू नका."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पडून असेल, तर चादर काढून तिला अधूनमधून थोडे चार्जिंग द्या. चालवली नाही तरी चालेल, पण उपाशी ठेवू नका. प्रत्येकीला नर्सबाई भेटतीलच असे नाही.

त्या संध्याकाळी नर्सबाईंनी मला दाराशी लावून चार्जरची पिन जोडली. तेवढ्यात मुलगी आईचे पांढरे बूट घेऊन बाहेर आली. संध्याकाळ झाली की आई जाते आणि बूट आपण आणून द्यायचे, एवढेच तिला ठाऊक होते.

"आज नाही जायचं गं. रात्री मी इथेच आहे."

मुलीला ते खरे वाटेना. ती बूट पोटाशी धरून माझ्या फळीवर बसून राहिली. सासूबाईंनी जेवायला हाक मारली तेव्हा ती उठली, तिने आईचे दोन्ही बूट माझ्या सीटखालच्या डिकीत टाकले आणि झाकण घट्ट दाबून बंद केले.