हातात आलेला पगार

चिकलठाण्यातली कंपनी सप्टेंबरात बंद पडली आणि कडूबा दाभाडे घरी बसला. फार दिवस नाही. दसऱ्याच्या आत शेंद्र्याच्या एका मोठ्या कारखान्यात त्याला काम मिळालं, पगारही आधीपेक्षा चांगला. पण मधल्या त्या दिवसांत त्याच्या बायकोनं, द्वारकानं, मनाशी खूणगाठ बांधली होती. एका माणसाच्या पगारावर घर टांगून ठेवायचं नाही.

करमाडला रस्त्याच्या कडेलाच त्यांचं घर होतं. पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिरची-मसाल्याचं कांडप टाकायचं असं तिनं ठरवलं. गावात तसलं एकच यंत्र, आणि उन्हाळा लागला की तिथं बायका डबे घेऊन दिवसदिवस ताटकळायच्या. द्वारकानं भिशीचे चाळीस हजार उचलून जुन्या मोंढ्यातल्या यंत्रवाल्या हमीदभाईंना इसार दिला. उरलेले चाळीस कडूबाच्या फेब्रुवारीच्या पगारातून, त्या महिन्याचा किराणा उधारीवर ठेवून, द्यायचे आणि यंत्र घरी आणायचं. शिवरात्र झाली की अंगणाअंगणात मिरच्या वाळत पडतात. तेव्हा यंत्र दारात नसेल तर पुढचं वर्षभर वाट बघायची.

जानेवारीत कारखान्यात पगाराचं काम बघणाऱ्या उमा मॅडमनी कडूबाला बोलावलं.

"दाभाडे, तुमच्या जुन्या कंपनीतल्या पगाराचा दाखला अजून आला नाही. एप्रिल ते सप्टेंबर तिथं किती मिळाले, ते मला जोडायला लागेल."

"कशाला, मॅडम?"

"इन्कम टॅक्ससाठी. आणा लवकर."

इन्कम टॅक्स हा शब्द कडूबानं स्वतःच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकला. त्याचा कर आजवर कधी कापला गेला नव्हता. पगाराच्या कागदावर पीटीचे, म्हणजे व्यवसाय कराचे, दोनशे रुपये दिसायचे, फेब्रुवारीत तीनशे, आणि ते मुंबईच्या सरकारला जातात एवढं त्याला ठाऊक होतं. त्याचं कधी काही वाटलं नाही. दिल्लीचा कर साहेब लोकांना लागतो, अशी त्याची समजूत होती.

चहाच्या सुट्टीत त्यानं बद्रीनाथला विचारलं. बद्रीनाथ त्याच्याच लाइनवरचा, पंधरा कारखाने फिरलेला माणूस.

"येडा का काय तू?" बद्रीनाथ म्हणाला. "जुनी कंपनी बंद पडली. कुलूप लागलंय तिला. कोण सांगायला जातंय? दाखला हरवला म्हन आन् गप बस."

"आन् मागून कळलं तर?"

"कळंल तवा बघू. आत्ता सांगितलं तर फेब्रुवारी-मार्चात पगार असा कापत्यात, की माणूस लग्नाची पत्रिका आली तरी आहेराच्या धाकानं लपून बसतो."

दाखला हरवला नव्हता. कपाटात कपड्यांच्या खाली होता. मॅडम पुन्हा दिसल्या तेव्हा "गावाकडं हाय, आणतो," असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली.

पण त्याचं मन काही थाऱ्यावर राहिना. जेवताना द्वारका कांडपाचं बोलायची आणि तो हुं हुं करायचा. तिनं शेडमध्ये कोबा करून घेतला, भिंतीला चुना मारला. सरूबाईची सून, खालच्या आळीतल्या मनकर्णाबाई, अशा आठ-दहा जणींनी आत्ताच सांगून ठेवलं होतं, की मिरच्या तुझ्याकडंच आणणार. ती एकेकीचं नाव घ्यायची आणि कडूबाला घास जड व्हायचा. एकदा टीव्हीवर करचुकव्यांची बातमी लागली तेव्हा त्यानं उठून चॅनल बदललं. द्वारका हसून म्हणाली, "तुम्हाला काय झालं? तुम्ही काय कोटीचं धन दडवलंय?" त्याला हसू आलं नाही.

आणि मग एका पोराच्या मोबाइलवर त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. लाइनवरचा एक शिकाऊ आपल्या वडिलांचं काहीतरी काम करत होता. त्यानं दाखवलं, की इन्कम टॅक्सच्या साइटवर पॅन नंबर आणि ओटीपी टाकला की माणसाला वर्षभरात कुठून किती पगार मिळाला ते सगळं सरकारकडं दिसतं. बंद पडलेल्या कंपनीचंसुद्धा. कडूबानं आपला नंबर टाकायला लावला. चिकलठाण्याच्या कंपनीचं नाव वर आलं. कुलूप कंपनीला लागलं होतं, त्याच्या नावाला नव्हे.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताच तो दाखला घेऊन उमा मॅडमच्या टेबलापुढं उभा राहिला.

"बसा दाभाडे. घाम का आलाय एवढा?"

"मॅडम, खरं सांगतो. कागद माझ्याकडंच होता. भीतीनं दिला नाय."

मॅडमनी कागद घेतला, संगणकावर आकडे टाकले. मग खुर्ची त्याच्याकडं वळवली.

"हे बघा. एका माणसाला वर्षभराच्या पगारावर सरकार एकदाच सूट देतं. तुम्हाला ती दोन ठिकाणी मिळाली. जुन्या कंपनीला वाटलं, ह्याचा पगार करात बसत नाही. आम्हालाही तेच वाटलं, कारण आम्ही सहाच महिने धरले. दोन्ही एकत्र केले की तुम्ही सूट मिळते त्या मर्यादेच्या वर जाता."

"म्हंजी किती?"

"तेहतीस हजारांच्या थोडं वर."

कडूबानं टेबलाची कड धरली. "एकदम?"

"फेब्रुवारीच्या पगाराचा हिशोब अजून बंद केलेला नाही मी. आज दिलंत म्हणून फेब्रुवारी आणि मार्च, दोन्हीत निम्मं निम्मं कापता येईल. पुढच्या आठवड्यात आला असतात तर सगळं मार्चातून गेलं असतं."

त्यानं रुमाल काढून कपाळ पुसलं. मग म्हणाला, "दुसरा काही रस्ता नाय का, मॅडम? घरी एक काम अडलंय."

"आहे ना. हा कागद परत घेऊन जा. माझी तुमच्यावर जबरदस्ती नाही. पण मग जुलैत रिटर्न भरताना हा कर तुम्हाला स्वतःच्या हातानं भरावा लागेल, थोडं व्याज देऊन. भरलात तर त्यात काही चोरी नाही. नाही भरलात तर नोटीस येईल. तुम्ही ठरवा."

जुलै! कडूबाच्या डोळ्यांपुढं जुलै उभा राहिला. पोराची कॉलेजची फी, भावाच्या शेतातलं बी-बियाणं, घरात कुणाला दवाखान्यात न्यावं लागलंच तर ते. जुलैपर्यंत तेहतीस हजार आपल्या हातात राहतील, असं स्वतःबद्दल त्याला छातीठोक सांगता येईना. आणि तोवरचे महिने असेच काढायचे, दारात पोस्टमन दिसला की दचकायचं. त्यानं टेबलावरचा कागद मॅडमकडंच सरकवला.

"कापा, मॅडम. दोन्ही महिन्यांत कापा."

कारखान्याबाहेर पडला तेव्हा त्याला क्षणभर हलकं वाटलं. पण फाट्यावर गाडी वळवताना आठवलं, की आता हे द्वारकाला सांगायचं आहे.

त्या दिवशी सांगितलं नाही, कारण तिची बहीण सोयगावाहून आली होती. दुसऱ्या दिवशी ती चुलीपुढं दमून बसलेली दिसली. तिसऱ्या दिवशी तिनंच शेडला लावायची पाटी रंगवून आणली, 'द्वारका मसाला कांडप', आणि त्याला विचारलं, "अक्षरं मोठी झाली का?" तो म्हणाला, "नाय, चांगली झालीत." रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगतो, आणि रोज संध्याकाळी नवं कारण सापडायचं. कारखान्यात कुणाकडून उसने मिळतात का ते त्यानं बघितलं. पण फेब्रुवारी-मार्चात सगळ्यांचेच हात आखडलेले. बद्रीनाथनं तर "मी आधीच सांगितलं होतं," एवढंच म्हणून पाठ फिरवली.

पगार जमा झाला. मेसेज त्याच्या मोबाइलवर आला तेव्हा त्यानं तो एकट्यानंच वाचला. घराच्या कर्जाचा हप्ता आणि महिन्याचा किराणा वजा केला तर यंत्राला द्यायला दहा-बारा हजार उरत होते. द्वारका तोवर नवी साडी नेसून दारात उभी होती.

"चला, मोंढ्यात जाऊ. हमीदभाईंचा फोन आलता. यंत्र तयार हाय म्हनले."

गाडीवर ती मागं बसली. केंब्रिज चौक गेला, चिकलठाणा आला. बंद कंपनीच्या फाटकावरून जाताना त्याच्या मनात आलं, इथं गाडी थांबवावी आणि सांगून टाकावं. मागं ती टेम्पोचं भाडं किती होईल याचा हिशोब करत होती. गाडी थांबली नाही.

हमीदभाईंनी यंत्र फडक्यानं पुसून दुकानाच्या दारातच ठेवलं होतं. चार मुसळांचं, हिरव्या रंगाचं. द्वारकानं पुढं होऊन त्यावरून हात फिरवला.

"हौ भाभी, एकदम कडक माल हय," हमीदभाई म्हणाले. "बाकीके चालीस दे दो, टेम्पो मैं लगा देता."

द्वारकानं मागं वळून कडूबाकडं बघितलं. कडूबा उंबऱ्यावरच उभा होता.

"अहो, द्या की."

"नायत," कडूबा म्हणाला.

"बँकेत गर्दी हाय का?"

"पगारच कमी आला. टॅक्स कापला. जुन्या कंपनीचा आन् इथला मिळून. पुढच्या महिन्यातबी कापणार हायत." तो खाली बघून म्हणाला, "मला ठाऊक होतं, द्वारके. पंधरा दिवसांपासून."

हमीदभाईंनी नजर दुसरीकडं वळवली आणि उगीचच एक पाना उचलून खाली ठेवला. पदर सावरून द्वारका दुकानातल्या बाकड्यावर बसली. तिचा चेहरा असा उतरला होता, की कडूबाला वाटलं तिनं ओरडावं, चारचौघांत बोलावं, पण असं बसू नये.

थोड्या वेळानं तिनं हमीदभाईंना विचारलं, "बाकीचे एप्रिलात दिले तर?"

"भाभी, आपका भरोसा हय, पण सीजनका माल हय. सिल्लोडका एक गिराईक कलसे फोन कररा. मैं बी कर्जेपेच माल उठाया." ते खरंच अवघडले होते. "इसार चाहिये तो वापस ले लेव. मैं काटता नको कुछ."

"पैसे परत नको," द्वारका म्हणाली. तिची नजर दुकानात फिरली आणि मागच्या कोपऱ्यात थांबली. तिथं धूळ बसलेलं एक जुनं यंत्र होतं. दोन मुसळांचं, रंग उडालेलं. "ते कुणाचं?"

"बिडकीनवालेनं बदलीमें दिया. चलता हय, पर धीमा हय. आवाज बी जादा."

"केवढ्याला?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी इसाराचे चाळीस धरून वर आणखी आठ हजार, असं ठरलं. कडूबानं मोबाइलवरून पैसे दिले. द्वारकानं यंत्र चालू करून बघितल्याशिवाय टेम्पोत चढवू दिलं नाही.

परत येताना ती बोलली, गाडी चिकलठाण्याच्या पुढं आल्यावर.

"पैसे कमी आले त्याचा राग नाय मला. सरकारचं सरकारनं घेतलं. पर परक्या माणसापुढं मला कळलं. मी साडी नेसून गेले तिथं."

"मला भ्या वाटलं."

"मला नसतं वाटलं का? दोघांना वाटलं असतं."

वाऱ्यात त्याच्या डोळ्यांना पाणी येत होतं.

हंगाम जेमतेमच गेला. दोन मुसळांवर काम सरेना. ज्या बायकांनी सांगून ठेवलं होतं त्यांतल्या तिघी-चौघी कंटाळून जुन्या ठिकाणी गेल्या. एकदा पट्टा तुटला आणि मनकर्णाबाईंची अर्धी मिरची दोन दिवस तशीच पडून राहिली. मार्चचा पगारही कापूनच आला, आणि त्या महिन्यात त्यांनी किराणा उधारीवर भरला. कडूबा शिफ्ट सुटली की अंगावरचे कपडे न बदलता शेडमध्ये उभा राहायचा, नाकाला रुमाल बांधून मिरच्या खाली-वर करायचा. तिखटानं त्याचे डोळे लाल व्हायचे. द्वारका त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. मग हळूहळू कामाशिवायचंही बोलायला लागली.

एप्रिलच्या मध्यावर उमा मॅडमनी त्याला परत बोलावलं. "आता वर्षभर एकच कंपनी, म्हणून अंदाज काढलाय. दर महिन्याला थोडा थोडा कर कापते, म्हणजे शेवटी धक्का नको. साधारण तीन हजार धरा."

कडूबा बाहेर आला आणि जिन्यातच थांबून त्यानं घरी फोन लावला. पलीकडं यंत्राचा खडखडाट होता.

"द्वारके, ऐक. आता दर महिन्याला तीन हजार कमी येणार. टॅक्सचे. आत्ताच मॅडमनी सांगितलं."

खडखडाट थांबला. तिनं यंत्र बंद केलं असावं.

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

कडूबानं फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"मंग घराच्या हप्त्याचं आज बसून बघू," ती म्हणाली. "आन् येताना शेंद्र्याहून धने आणा दोन किलो. सरूबाईची सून बसलीय समोर."

फोन बंद झाला. कडूबानं घाम पुसला आणि लाइनवर परत गेला.