गच्चीवरचा फोन

रेडिओवरच्या नाटकातल्या मुलीचा आवाज ती फोनमधून आल्यासारखा करत बसली होती. कामच होतं तिचं ते. स्टुडिओत स्वच्छ बोललेली वाक्यं घ्यायची, आवाजाचा भारदस्तपणा खालून कापायचा, झिलई वरून उतरवायची, मधला तेवढा चिमटीत धरल्यासारखा ठेवायचा. वर थोडी खरखर भुरभुरायची. ऐकणाऱ्याला वाटतं, मुलगी खरंच लांबून बोलतेय.

पाळण्यातलं पिल्लू झोपलं की काम. आणि पिल्लू झोपलं की नेमका आईचा फोन. आईचं बोलणं शेजारणीच्या सुनेपासून निघून गुडघ्यावर यायचं, गुडघ्यावरून पुन्हा सुनेवर. एकदा कावून तिने तीच खरखर फोनजवळ वाजवली, चार शब्द अर्धे गिळले, "आई... तुट... नंतर..." आणि फोन ठेवला. स्वतःच्या हुशारीवर हसलीसुद्धा. मग सवयच लागली.

आजही फोन आला. बोट खरखरीच्या बटणापाशी गेलं आणि थबकलं. आईच्या आवाजामागे घर नव्हतं. स्वयंपाकघरातला तो नेहमीचा घुमारा नव्हता. नुसता वारा, आणि आईला लागलेली धाप.

"आई, तू कुठून बोलतेयस?"

"गच्चीवरून. तुझ्याकडे रेंजची बोंब, म्हटलं आपणच वर चढावं. येतंय ना नीट?"

"एवढे जिने चढून?"

"मधेमधे बसले गं. शेजारीण म्हणते, लेकीसाठी म्हातारीची माकडीण झाली." आई हसली, दम खाल्ला. "पण गुण बघ, आज एकदाही तुटलं नाही."

तिचे कान तापले. "आई, उतर खाली. मी फोन दुरुस्त करून घेतलाय."

"बरं केलंस. तरी गच्चीच बरी. उद्यापासून छत्री आणते, ऊन फार लागतं."

एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन. जिन्याचा कठडा धरायला हात उरत नव्हता.

"आई," ती म्हणाली, "लाइन कधीच खराब नव्हती. ती खरखर मी वाजवायचे. माझ्या कामातली आहे."

वारा वाहत राहिला.

"गुडघ्याचं सांगत होते, तेव्हापण?"

"हो."

"डॉक्टरांचं सांगितलं, ते?"

"ऐकलंच नाही मी."

जरा वेळाने वारा थांबला. दार लोटल्याचा आवाज आला, मग जिन्याचा पोकळ घुमारा, एकेका पायरीवर टेकणारी चप्पल. आईने फोन मुद्दाम चालू ठेवला होता की बंद करायचा राहून गेला होता, कळायला मार्ग नव्हता. पाळण्यात पिल्लू चुळबुळलं. एका हाताने झोका देत, दुसऱ्याने फोन कानाशी घट्ट दाबून ती पायऱ्या ऐकत राहिली. मधेच चप्पल थांबली. आई टेकली असावी.

"आई, काय म्हणाले होते डॉक्टर?"

पलीकडे नुसता श्वास.

"जिने चढू नका म्हणाले," आई म्हणाली, आणि चप्पल पुढच्या पायरीवर टेकली.