तिघींमधली जुनी

मी एक जुनी लेन्स आहे. ही गोष्ट दोन हजार एकोणीस सालची. त्या वर्षी मला अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती, आणि मित्रांनो, खरे सांगते, मनातल्या मनात मी आवराआवर करून बसले होते. आपले दिवस सरले असे मी ठरवून टाकले होते. ते किती चुकीचे होते, तेच आज सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. सात काचा, आत पितळेचे आटे आणि वरून काळा रंग दिलेले धातूचे अंग. पांढरा कोट घातलेल्या एका बाईंनी माझ्या शेवटच्या काचेवर रबरी फुग्याने हवा मारली, मला खिडकीकडे धरले आणि "हं" म्हणाल्या. त्या दिवसभर कुणालाच "हं" म्हणाल्या नव्हत्या, म्हणून मी ते अजून विसरले नाही.

माझ्या पुढच्या कडेवर १.४ हा आकडा कोरला आहे. हा आकडा जितका लहान, तितका लेन्स उजेड जास्त पिते. मी अंधाऱ्या खोलीतही एका दिव्यावर भागवू शकते. पण अशा उजळ लेन्सची एक खोड असते. तिला पातळ कापाएवढेच स्पष्ट दिसते. त्या कापाच्या पुढचे आणि मागचे सारे धूसर. तो काप नेमका कुठे पडावा हे माझ्या अंगाभोवतीचे कडे हाताने फिरवून ठरवावे लागते. माझ्यात मोटर नाही. जे काय आहे ते धरणाऱ्याच्या बोटांत.

मला धरणारी बोटे एका वीस वर्षांच्या मुलीची होती. ती एका नाट्यगृहात फोटो काढण्याचे काम करी. पुढे तिच्या भावाला मुलगी झाली आणि सगळे तिला आत्या म्हणू लागले, म्हणून मीही तिला आत्याच म्हणते. आत्या तालमीचे फोटो काढी, तेही रंगमंचावरच्या दिव्यांतच. नट रंगात आलेला असताना त्याच्या तोंडावर फ्लॅश मारणे म्हणजे झोपलेल्याच्या कानाशी डबा वाजवणे, असे ती म्हणे. चौतीस वर्षे आम्ही दोघींनी ते काम केले. नाट्यगृहाच्या दाराशी काचेच्या पेटीत आमचे फोटो लागत. लोक थांबून पाहत आणि आत्याचे कौतुक करत. लेन्सचे कौतुक कुणी करत नाही. मी आपली तिच्या गळ्यात लटकून ऐकत असे आणि त्यातले अर्धे स्वतःकडे ठेवत असे.

मग फिल्मच्या रोलचा जमाना गेला. आत्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. तिने काम सोडले. ज्या दिवशी सोडले त्या दिवशी तिने मला पुसले, मखमलीत गुंडाळले, चामड्याच्या डब्यात घातले, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली आणि पोलादी कपाटाच्या तळच्या खणात ठेवले. तिला वाटले, केवढी काळजी घेतली. चामडे ओल धरून ठेवते आणि गाठ मारलेल्या पिशवीत वारा जात नाही, हे तिच्या ध्यानातच आले नाही. चौदा वर्षे मी तिथे होते. माझ्या आतल्या काचेवर बुरशी चढली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. प्रेमानेच चढवली म्हणायची.

आता आत्याच्या भाचीविषयी. ती सव्वीस वर्षांची, कामसू, आणि थोडी हट्टी. एका औषध कंपनीसाठी ती बाटल्यांचे फोटो काढी. बाटल्या हलत नाहीत हा त्यांचा एकमेव गुण आहे, असे ती सांगे. तिला माणसांचे फोटो काढायचे होते, आणि तेही आत्याच्याच नाट्यगृहात. तिथल्या दिग्दर्शिका बाईंचे नवे नाटक बसत होते. पोस्टरसाठी एक फोटो हवा होता. बाईंनी भाचीला दोन दुपारच्या तालमी दिल्या, शुक्रवारची आणि शनिवारची. फ्लॅश नको आणि आवाज नको, या दोन अटी. फोटो जमला तर नाट्यगृहाचे कायमचे काम तिचे. नाही जमला तर सोमवारी दुसरा छायाचित्रकार येणार होता. त्याला आधीच सांगून ठेवले होते.

भाचीचा कॅमेरा मिररलेस होता, म्हणजे आत खटकन उडणारा आरसा नसलेला. तो अगदी मुक्याने फोटो काढी. आवाजाची अट सुटली. पण तिची लेन्स उजेडाला अगदी कंजूष होती, आणि मोटर असलेल्या उजळ लेन्स तिच्या आवाक्याबाहेर. तेव्हा हाताने फिरवायचीच एक घ्यायची असे ठरले. बुधवारी ती लेन्सच्या दुकानात गेली. तिथल्या काकांनी दोन लेन्स पाहायला दिल्या. एक ०.९५ची, मोठ्या मगाएवढी आणि तितकीच जड. दुसरी १.२ची, कोरी करकरीत. दोन्ही वापरून बघ आणि सोमवारी एक परत आण, असे काका म्हणाले.

घरी दोघींना टेबलावर मांडलेले आत्याने पाहिले. ती कपाटाकडे गेली, गाठ सोडली, मला बाहेर काढून दिव्यासमोर धरले आणि आतली बुरशी तिला दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन काकांकडे गेली. काकांनी डोळ्याला भिंग लावून आत पाहिले आणि एवढी वर्षे हिला कोंडून का ठेवलीस, असे तिला विचारले. जपत होते, असे आत्या म्हणाली. काका म्हणाले, तेच ते. पण बुरशीने काच अजून खाल्लेली नव्हती. दुपारपर्यंत त्यांनी मला उघडून, पुसून, आट्यांना नवे ग्रीस लावून परत दिले. वर एक अडॅप्टर दिले. ते मध्ये बसवले की माझ्यासारखी जुनी बाई नव्या कॅमेऱ्यावर बसते.

मग परीक्षा झाली. भाचीने भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवले, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला आणि आम्हा तिघींकडून एकच पान वाचून घेतले. कोपऱ्यातली अक्षरे कुणाची किती ठळक, ते मोठे करकरून पाहिले. १.२ पहिली आली. ०.९५ दुसरी. मी तिसरी. माझे कोपरे मऊ आहेत, ते जन्मापासूनच. भाचीने आत्याला वाईट वाटू नये म्हणून मला हळूच बाजूला ठेवले. आत्या एवढेच म्हणाली की नाटकात वर्तमानपत्र काम करत असेल तर निकाल बरोबर आहे.

शुक्रवारी भाची ०.९५ घेऊन गेली, कारण उजेड सर्वांत जास्त तीच घेई. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे स्पष्ट असते त्याच्या कडेला लाल रेघ उमटते. भाचीने त्या रेघेवर भरवसा ठेवला. पण एवढ्या उजळ लेन्सचा काप नखाएवढा. लाल रेघ साऱ्या चेहऱ्यावर नाचे आणि स्पष्ट मात्र भलतेच येई. मध्यंतरानंतर तिने १.२ लावली. तिचे कडे नवे, ताठ. नाटकात आईचे काम करणारी नटी दोन पावले सरकली की भाचीची बोटे तिच्या मागे धावत आणि दर वेळी एक पाऊल उशिरा पोचत. मान आणि मनगट दोन्ही भरून आले.

संध्याकाळी तिने सारे फोटो आत्याला दाखवले. आत्याने चष्मा वर सरकवला आणि एकेक पाहत गेली.

"नाक सुरेख आलंय," ती म्हणाली. "हेही नाक. हा कान. पोस्टर कानाच्या डॉक्टरचं आहे का गं?"

भाची हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. उद्याचा एकच दिवस उरला होता.

"मोठ्या लेन्सचं आतलं छिद्र थोडं लहान करून वापरलं तर काप जाड होईल ना?" तिने विचारले.

"होईल की. पण छत्री अर्धी मिटूनच फिरायचं असेल तर एवढी मोठी कशाला खांद्यावर घ्यायची?"

मग आत्याने मला कॅमेऱ्यावर बसवले. भाचीला सोफ्याच्या कडेला बसवले आणि तिच्या बोटांवर आपली बोटे ठेवून माझे कडे फिरवले. किती वर्षांनी ती बोटे! अंतर अजून विसरली नव्हती. तिने भाचीकडून पडद्यावरची लाल रेघ बंद करवली. समोरच्या खुर्चीची पाठ स्पष्ट होईपर्यंत कडे आणले, आणि सोडून दे म्हणाली.

"तू तिच्या मागे धावतेस, तिथंच चुकतंय. ती कुठे थांबणार ते नाटकात ठरलेलं असतं. तिथं आधीच जाऊन बस आणि कड्याला हात लावू नकोस. तिला येऊ दे तुझ्यात."

"आणि आलीच नाही तर?"

"मग दिग्दर्शिका तिला ओरडेल. तुला नाही."

रात्रीच्या जेवणापर्यंत आत्या दारातून खुर्चीपर्यंत चालत राहिली आणि भाची वाट पाहायला शिकली. जेवायच्या आधी भाचीने दोन्ही नव्या लेन्स खोक्यात भरल्या. तिने मला निवडले होते, आणि दयेने नव्हे; माझा काप जरा जाड होता आणि कडे बोटांखाली सहज फिरत होते.

शनिवारची तालीम. दुसऱ्या अंकात आई दार उघडते, हातात दिवा घेऊन टेबलापाशी येते, आणि तिला कळते की हरवलेला मुलगा परत आला आहे. ती मान वळवते. एवढाच क्षण. तो पुन्हा मागता येत नाही. भाची पहिल्या रांगेत बसली. टेबलाच्या कोपऱ्यावर तिने माझा काप ठेवला आणि हात काढून घेतला. दार उघडले. दिवा धूसर होता, पिवळ्या गोळ्यासारखा. मग हळूहळू त्याला काच आली, ज्योत आली, त्यामागे चेहरा आला. भाचीने कड्याला बोट लावले नाही. तिचा श्वास मला कळत होता. मान वळली. दोन्ही डोळे माझ्यात आले, पापण्यांसकट. मिररलेसने आवाज न करता तीन फोटो घेतले.

तालीम संपल्यावर दिग्दर्शिका बाईंनी कॅमेरा हातात घेऊन पडद्यावरचा फोटो पाहिला. नटी वाकून पाहू लागली.

"दुसऱ्याला नको म्हणून कळवते," बाई म्हणाल्या. "सोमवारी नऊला ये. आणि ही चिमुकली लेन्सच आण. काल ती तोफ पाहून माझी नटी संवाद विसरत होती."

मित्रांनो, महिन्याभरात नाट्यगृहाच्या भिंतीवर ते पोस्टर चढले, दोन मजले उंच. एक पापणी माझ्यापेक्षा लांब होती. रस्त्यावरचे लोक मान वर करून पाहत. या वेळचे कौतुक मी निम्मे नाही, सगळे ठेवून घेतले.

पुढे सगळ्यांचे चांगले झाले. १.२ची लेन्स शाळेच्या गटांचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थांकडे गेली. तिथे कोपऱ्यातल्या मुलांनाही न्याय मिळतो. ०.९५ आकाश पाहणाऱ्या एका बाईंनी नेली. ताऱ्यांच्या राज्यात ती राणीच आहे, आणि तारे हलले तरी हळू हलतात. काकांनी दुकानासमोर एक खुर्ची टाकली आहे. लेन्स घ्यायला आलेल्याला ते तिथे बसवतात आणि जाणाऱ्यायेणाऱ्याचा फोटो काढून दाखव म्हणतात. वर्तमानपत्र आणले तर ते स्वतः वाचत बसतात. नटी आता स्वतः नाटके बसवते. दिग्दर्शिका बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या खोलीत ते पोस्टर लहान करून लावले आहे. आत्याच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. ती तालमीला पहिल्या रांगेत येऊन बसते आणि न विचारता सल्ले देते. भाची आता तिथली मुख्य छायाचित्रकार आहे. तिच्या हाताखाली दोघे शिकतात.

तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र मखमलीत गुंडाळलेले असेल. त्याची गाठ सोडा. त्याला वारा लागू द्या, थोडा उजेड दाखवा, आणि वापरा. आम्हाला कामात ठेवणे हीच आमची सर्वांत मोठी जपणूक. आता मला थांबायला हवे. भाचीने माझे झाकण काढले आहे, समोर उजेड कमी आहे, आणि नट येतोच आहे.