वाटाड्याची जात

करीच्या दिवशी शहाण्यानं गाव सोडू नये म्हणतात. दैवशालेचं तर म्हणणं होतं, की यंदा घरसुद्धा सोडू नये. ऐन संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. इतकी वर्षं ज्या नावापायी माणसं मेली, ते एकदाचं लागलं. गावाबाहेरच्या तिच्या वस्तीत पेढे वाटले, पण दारं लोटून. गावात मात्र कुणी ब्र काढला नव्हता, आणि तिला भीती होती ती या गप्प बसण्याचीच. भांडणारा माणूस परवडतो हो, निदान त्याचं तोंड कुठं आहे ते कळतं. अठ्ठ्याहत्तर सालीही गाव असंच गप्प झालं होतं, आणि मग पलिते आले होते. दुधानं तोंड पोळलेली बाई ती. ताक फुंकून पिणारच.

आणि तिचा लेक कुठं? तर गावात.

नागनाथ परभणीला कॉलेजात होता, होस्टेलात राहायचा, सणाला म्हणून आलेला. "चार दिस गावात पाय ठेवू नको," असं तिनं बजावून बजावून सांगितलं, त्यानंही मान डोलावली, आणि भाकरी खाऊन गडी पसार. शेजारची बायनाबाई म्हणाली, "मुंजाजीकडं गेला की. पाटलाचा राधाकिशनबी हाय तिथं." मुंजाजीचे मायबाप ऊसतोडीला गेलेले. म्हणजे गावाच्या मधोमध रिकामं घर, त्यात पाटलाचा पोरगा, आणि आपलं लेकरू. दैवशालेनं पदर खोचला आणि निघाली.

दिवस कलला होता. मुंजाजीच्या घराचं दार आतून लावलेलं. बाहेर नागनाथच्या चपला होत्या, एक सरळ, एक पालथी. ती कडी वाजवणार, तेवढ्यात आतून राधाकिशनचा आवाज आला.

"आता शेवटचं बोला. कोणत्या जाती ठेवायच्या अन् कोणत्या काढायच्या?"

दैवशालेचा हात तिथंच थिजला.

"चार ठेवू, बास," मुंजाजी म्हणाला. "बाकीच्या जातींचं काय काम हाय? उगं गर्दी."

"अन् ह्याची?"

"ह्याची तर पयली काढा. कामापुरता पुढं घालायचा अन् मेला की सोडून द्यायचा. कोन रडणार हाय त्याला?"

मग काहीतरी खळखळलं, टप्पकन पडलं.

"मेला का?"

"मेला."

दैवशालेनं दाराला कान लावला. दोघांचे आवाज आले, तिसरा आला नाही. चपला बाहेर आहेत आणि पोराचा आवाज नाही! वस्तीत जाऊन बोंब ठोकावी? वस्ती काठ्या घेऊन उठेल, ते पाहून गाव उठेल, आणि पुन्हा तीच आग. तीही आपल्या तोंडानं लावलेली. नाही ठोकावी, तर आत लेकरू. शेवटी तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी दार बडवलं.

"माझ्या लेकराला सोडा," एवढंच तिला म्हणता आलं.

दार उघडलं ते नागनाथनंच. कानावर पेन्सिल, तोंडात तिळाचा लाडू.

"माय? तू का आलीस?"

तिनं त्याच्या तोंडावरून, छातीवरून हात फिरवला. धड होता मेला. मग तिथंच उंबऱ्यात बसली आणि घळाघळा रडली. मुंजाजी पाणी आणायला धावला. राधाकिशन एका हातात सापशिडीचे फासे घेऊन येड्यावानी उभा.

"कोन मेला मग?" तिनं विचारलं.

"डावातला मेला, मावशी," राधाकिशन म्हणाला. "खोटा खोटा."

मग हळूहळू उलगडलं. होस्टेलात कुणाच्या तरी नातेवाइकानं परदेशातून एक डाव आणला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि अडलं की फासे टाकायचे. नागनाथनं तसाच आपल्याकडचा डाव रचला होता. माणूस कोणत्या प्रकारचा, त्याला इंग्रजीत क्लास म्हणतात. क्लास म्हटलं की मास्तर डोळ्यापुढं येतो, म्हणून या दिवट्यांनी शब्द काढला जात. लढवय्याची जात, मांत्रिकाची, वैदूची, चोराची. मूळ नियमांत कोणत्या घालायच्या, ते आज खेळून पाहत ठरवत होते.

"दुसरा शब्द भेटला न्हाई तुमाला?" दैवशाला म्हणाली. "आजच्या दिसाला?"

राधाकिशननं फासे पाठीमागं लपवले.

"अन् काढली ती कोणती जात?"

"वाटाड्याची," नागनाथ म्हणाला. "अंधारात उजेड धरून म्होरं चालतो. शीव, वाट, समदं त्याला ठावं. पण भ्या वाटलं की समदे त्यालाच म्होरं घालतेत. म्हणून काढली."

दैवशालेचं रडं थांबलं. "आरं, तुजा आजा सटवाजी येसकर होता या गावचा, येस राखायचा. वस्ती पेटली तवा जोंधळ्यातून त्योच म्होरं चालला, पिंगळी ठेसनापतोर. तू माझ्या पाठीशी बांधलेला. त्यो म्होरं होता म्हणून तू हाईस."

"अन् आजा कुठं हाय, माय?"

सटवाजीच्या डोक्यात दगड बसला होता. वाट दाखवून झाल्यावर त्यानं स्टेशनातच जीव सोडला. हे पोराला ठाऊक होतं, तिनंच सांगितलेलं.

"दर खेपंला आपूनच का म्होरं?" नागनाथ हळूच म्हणाला.

दैवशालेनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "वाट दाखवणारा तर लागतोच, बाबा. त्याबिगर कोनीच पोचत न्हाई. पाळी लावा की मग. पाणी भराया लावतेत तशी."

नागनाथनं कानावरची पेन्सिल काढली. "वाटाड्या जात न्हाई," तो लिहिता लिहिता म्हणाला. "पाळी हाय. फाशावर ठरल, समद्यांवर येईल."

तेवढ्यात लाईट गेली. बाहेर आता अंधार होता, आणि वस्तीची वाट पारावरून जात होती. पारावर माणसं बसल्याचा आवाज येत होता. सवयीनं तीच पुढं निघाली.

"थांबा मावशी," मुंजाजी म्हणाला. "फासे टाकू."

बॅटरीच्या उजेडात सगळ्यांत कमी दान राधाकिशनचं पडलं, म्हणजे पाळी त्याची. त्यानं बॅटरी घेतली. पाटलाचा पोरगा पुढं, त्याच्या मागं दैवशाला, मग नागनाथ, शेवटी मुंजाजी. पाराजवळ आले तशी कुजबुज थांबली.

"कोन रं त्यो? कोनाला उजेड दाखवायलायस?" हा राधाकिशनचा चुलता, दत्तराव.

राधाकिशन थांबला. जमिनीवर बॅटरीचा उजेड लटालटा हलत होता. दैवशालेनं तो पाहिला. हे भय तिच्या ओळखीचं होतं, पण या घराण्यात ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. पाटलाचं पोर म्हणून राधाकिशनला ती त्याच्या जन्मापासून दादा म्हणत आली होती.

"मी हाय, काका," तो म्हणाला. "आज पाळी माझी हाय."

पारावरचं कुणी उठलं नाही, पण पुढच्या क्षणाला उठणार नाही, हे कोण सांगणार? दैवशालेनं हात पुढं करून त्याच्या घामेजल्या पाठीवर ठेवला.

"चाल, लेकरा," ती म्हणाली. "आमी मागं हाव."