मुलुंडच्या रिंकवरचा डावा स्केट

मित्रांनो, मला ओळखलंत? बुटाखाली बांधायचा, चार चाकांचा मी एक जुना स्केट. जोडीतला डावा. माझ्या पोटात एक स्क्रू आहे; तो सैल केला की मी लांब होतो, आवळला की आखूड. म्हणून एकाच सकाळी मी पाच-सहा मुलांच्या पायांत जाऊन येत असे.

१९८१ साली साकीनाक्याच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. धोंडिराम नावाच्या कारागिराने लेथवर माझी चाके घडवली. गंमत म्हणजे स्केटिंग त्याने कधी पाहिलेच नव्हते! प्रत्येक चाक कानाशी नेऊन तो फिरवी आणि आतल्या छर्‍यांचा आवाज ऐके. "कोण घालत असेल हे पायात?" असे स्वतःशीच पुटपुटे.

उत्तर त्याच्या घरातच निघाले. मुलुंडला तो राहत असे त्या वसाहतीत सिमेंटचा एक रिंक होता. तिथे दर रविवारी नंदकुमार सर मुलांना स्केटिंग शिकवत. मुले वीस आणि जोड्या सहा. त्या सहांत आमची जोडी दाखल झाली, आणि धोंडिरामची अकरा वर्षांची चंपा माझ्यावर उभी राहिली. उभी कसली, धपकन आपटलीच! पण रडायचे सोडून तिने मला काढून उलटे धरले आणि चाक फिरवत विचारले, "सर, हे थांबतं कशानं?"

"तू थांबवशील तेव्हा थांबतं," सर हसून म्हणाले.

वर्षभरात चंपा उलटी धावायलाही शिकली. सरांनी तिचे नाव उपनगरांच्या स्पर्धेत घातले. स्पर्धेला दीड महिना उरला आणि लग्नसराई आली. वसाहतीत हॉल नव्हता. कमिटीच्या नानांनी रिंक मांडवाला दिला. बांबू रोवायला सिमेंटात चोवीस खड्डे पाडले गेले. पुढच्याच रविवारी एका खड्ड्यात चाक अडकून चंपाच्या मैत्रिणीचा, शकूचा, हात मोडला. दुसर्‍या दिवशी फाटकाला कुलूप.

चंपा तडक नानांकडे गेली. मी तिच्या पिशवीत होतो.

"नाना, रिंक बंद का केलात?"

"अगं, शकूचा हात मोडला ना! आणि लोकांनी पोरींची लग्नं काय रस्त्यात लावायची?"

परत जाताना ती फाटकावरून आत उतरली आणि सुतळीने एकेक खड्डा मोजू लागली. घरी येऊन तिने वडिलांना विचारले, "बाबा, खड्ड्याला झाकण करता येईल? जमिनीच्या वर जराही न येणारं?"

धोंडिरामने सुतळी हातात घेतली. "करू या की. किती हवीत?"

रोज काम सुटल्यावर तो भंगारातले लोखंड लेथला लावू लागला. आठ दिवसांत चोवीस झाकणे तयार झाली. मांडव घालताना काढायची, मग पुन्हा बसवायची. नानांनी त्यांवरून चप्पल घासून पाहिली. "झकास काम केलंस रे, धोंडिराम!" म्हणत त्यांनी कुलूप काढले.

त्या रविवारी धोंडिराम पहिल्यांदाच कट्ट्यावर बसून आम्हाला बघत होता. पोरीचे कौतुक करील असे मला वाटले. पण तो डोळे मिटून ऐकत होता. "चंपे, डावं मागचं चाक ओरडतंय. तेल घाल," एवढेच म्हणाला.

स्पर्धेत चंपा चौथी आली. बक्षिसे तिसर्‍यापर्यंतच होती.

पुढे दोन वर्षे आम्ही मनसोक्त धावलो. मग कमिटीने रिंकच्या जागी पक्का हॉल बांधायचे ठरवले. मुलांना कोणी विचारले नाही. सरांनी रस्त्यावर वर्ग घेऊन पाहिला, पण स्कूटरी अंगावर येत. एकेक मूल गळत गेले आणि आमची पेटी चंपाच्या घरी माळ्यावर गेली.

हॉलच्या उद्घाटनाला मात्र ती मला घेऊन गेली. नानांनी कौतुकाने विचारले, "काय चंपा, कसा झालाय हॉल?"

चंपाने चप्पल काढून फरशीवर पाय घासला. "गुळगुळीत आहे, नाना. लग्न नसेल त्या दिवशी किल्ली द्याल?"

नानांनी फरशीकडे बघितले. मग म्हणाले, "बघू."

मित्रांनो, या गोष्टीला आता चार वर्षे झाली. नानांचे ते बघणे अजून चालूच आहे आणि मी माळ्यावर कान देऊन आहे. तुमच्याजवळ खेळायची जागा असेल तर आज संध्याकाळीच तिथे जा. सोबत चार जणांना न्या. भरपूर आरडाओरडा करा. रिकामी दिसणारी जागाच मोठ्या माणसांच्या डोळ्यांत भरते.